चार प्रती, काळं रेक्झिन

विद्यापीठाचा नियम साधा आहे:
चार प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
बाकीचा नियम पोरांचा:
उद्या सकाळी पाहिजे.

धंतोलीच्या गल्लीत झेरॉक्सच्या मागे माझं टेबल.
मे महिन्यात कूलर लावला की पानं उडतात,
म्हणून तो बंद ठेवते
आणि दोऱ्याबरोबर घामही शिवते.

आठवी शिकलेली बाई मी.
पण शीर्षक वाचावंच लागतं, पाठीवर मावतं का पाहायला.
इंग्रजी असलं तर पोरांकडून अर्थ काढून घेते,
त्याशिवाय भाव सांगत नाही.

संत्र्याच्या बुंध्यातून गळणारा डिंक, आणि तो आणणारी बुरशी.
कोराडीची राख, तिची वीट किती भार सोसते.
गोंडीत पाण्यासाठीचे शब्द,
त्यातले किती आता फक्त आज्या बोलतात.
समाजशास्त्रवाल्यांच्या शेवटी प्रश्नावली असते:
घरात पंखा आहे का? हो / नाही.
एकीचं तर नुसतं गणित. दोनशे पानं, एक चित्र नाही.
मी म्हटलं, हे कशाच्या कामाचं गं?
‘अजून त कशाच्याच नाही, काकू,’
म्हणाली, आणि अशी हसली
की मला तिचा हेवा वाटला.

एकदा घोळ झाला.
विडी वळणाऱ्या बायांच्या फुफ्फुसांचं तिसरं प्रकरण
पुलाच्या लोखंडात शिवलं गेलं.
रात्री बसून उसवलं.
दोन्हीकडे एकच रेघ होती,
बराच वेळ सरळ चालणारी,
मग एकाएकी खाली.
सकाळी दोघं आपापलं घेऊन गेले.
मी काही बोलले नाही.

वरच्या फळीवर एक प्रबंध
तीन उन्हाळे पडून आहे.
सुमेध नाव. पाचशे रुपये देऊन गेला,
फेलोशिप अडली म्हणाला,
मग फोन लागेना.
कोणी सांगतं, पार्सलं पोचवतो हिंगणा रोडला.
कोणी सांगतं, पुण्याला गेला.
मराठीत लिहिलेला, म्हणून वाचला.
विषय: टिनाच्या घरातली रात्र.

एकतीस घरांत तापमापी टांगून
हा पोरगा रात्र रात्र बाहेर बसला होता.
पान एकशे बारा, तक्ता सातवा:
रात्री अडीच वाजता, छताखाली, एकोणचाळीस.

माझ्या घरावर टिन आहे.
मला अडीचला जाग येते.
मला वाटायचं, वय झालं.

त्याच तक्त्यात घर क्रमांक एकोणीस,
छताला चुना. चार अंश कमी.
इतवारीतून चुना आणला,
डिंक माझ्याकडे होताच,
भाच्याला वर चढवलं.
आधी तापाची काचेची तापमापी टांगली होती,
भाचा दोन दिवस हसत होता.
मग नीट विकत आणली.
पंधरा रात्री अडीचला उठले,
या वेळी मुद्दाम,
आणि आकडे लिहिले गॅसच्या पावतीमागे.

प्रबंधाच्या शेवटी मी एक कोरं पान जास्तीचं लावते,
कव्हरला ताण बसू नये म्हणून.
त्यावर पेन्सिलीने, खोडता येईल असं, लिहून ठेवलंय:
घर क्रमांक बत्तीस, वैशाली नगर.
साडेतीन अंश.
एक रात्र लिहायची राहिली, झोप लागली होती.

चारही प्रतींच्या पाठी अजून काळ्या आहेत.
सोनेरी पट्टी कापून ठेवली आहे, खिळे जुळवून ठेवले आहेत.
मुखपृष्ठावर बनसोड आहे
आणि गाइडच्या दाखल्यात बन्सोड.

उरलेल्या पैशांचं पाहू कधी.
फोन लागला तर आधी एवढंच विचारीन,
न अर्धा, की पूर्ण?